चालणं अवघड, सायकल शक्य

नेदरलँड्समधल्या नायमेगेन शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी २०१० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका रुग्णाची हकिकत चित्रफितीसह प्रसिद्ध केली. रुग्णाचं वय ५८, पार्किन्सन्सचा आजार दहा वर्षांचा. चालायला उभं केलं की दोनचार पावलांत त्याचे पाय जमिनीला खिळायचे आणि तोल जायचा. त्याच माणसाला सायकलवर बसवलं तर तो सफाईने पायडल मारत जायचा, वळण घ्यायचा, परत यायचा. उतरला की पाय पुन्हा जागच्या जागी. ज्याला अंगणही पार करता येत नव्हतं, तो रोज कित्येक किलोमीटर सायकल चालवत होता.

पार्किन्सन्सच्या प्रत्येक रुग्णाला हे जमेल असं नाही. पण या एका उदाहरणातून जी गोष्ट कळते ती फार मोलाची आहे. चालणं आणि सायकल चालवणं ही शरीराच्या दृष्टीने दोन वेगळी कामं आहेत. एक बिघडलं म्हणजे दुसरंही गेलं, असं आपण परस्पर ठरवून टाकतो. दवाखान्यात, घरात, शाळेतसुद्धा ठरवतो. ज्याच्या पायात दोष आहे त्याला सायकल शिकवायची असते, हे बहुतेक घरांत कोणाच्या मनातही येत नाही.

चालताना प्रत्येक पावलाला सगळं वजन क्षणभर एकाच पायावर येतं. तो पाय कमकुवत असेल तर माणूस कमरेतून झोकांडी देतो, किंवा पोलिओ झालेली अनेक माणसं करतात तसा मांडीवर हात दाबून गुडघा सावरतो. या सावरण्यातच बळ खर्च होतं. मांडीतून पाय कापलेल्या माणसाला कृत्रिम पायाने तेवढंच अंतर जायला धडधाकट माणसाच्या साधारण दीडपट शक्ती लागते. सायकलवर मात्र वजन सीट पेलते. गुडघ्यावर आदळआपट होत नाही, घोट्याला अंग तोलावं लागत नाही, आणि पाय ठरलेल्या वर्तुळात फिरतो. सपाट रस्त्यावर ताशी पाच किलोमीटरने चालायला जेवढे श्रम पडतात, तेवढ्यात सायकल ताशी पंधराने जाते. लंडनमधली ‘व्हील्स फॉर वेलबीइंग’ ही संस्था अपंग सायकलस्वारांमध्ये काम करते. तिने केलेल्या पाहण्यांमध्ये बहुतेकांनी हेच सांगितलं की चालण्यापेक्षा सायकल त्यांना सोपी जाते. अशा माणसांसाठी सायकल ही काठी किंवा चाकांच्या खुर्चीसारखं हिंडण्याफिरण्याचं साधन मानावं, अशी त्या संस्थेची मागणी आहे. मला ती पूर्ण पटते.

अडचण पुढे येते. सपाट रस्ता संपतो आणि उड्डाणपुलाचा चढ लागतो. सिग्नलला थांबल्यावर पुन्हा सुरुवात करायची असते. समोरून वारा असतो. सकाळी ऑफिसला जाताना जमलेलं अंतर संध्याकाळी थकलेल्या पायांना झेपत नाही. सायकल सोडून दिलेली माणसं याच चार जागांवर हरलेली असतात. मोटर लागते ती इथे.

आपल्याकडे पायाने अपंग असलेल्या माणसापुढे बहुधा दोन वाहनं ठेवली जातात. एक, हाताने दांडा फिरवायची तीनचाकी, जिच्यात सगळं बळ त्याच्या दंडांचं. दुसरं, मागे दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर, किंवा सरकारी योजनेतून मिळणारी बॅटरीची तीनचाकी. या दोन्हींत सगळं बळ यंत्राचं. दोन्ही उपयोगी आहेत आणि लाखो माणसं त्यांच्यावर रोजीरोटी कमावतात. पण या दोन टोकांच्या मधे एक मोठी जागा रिकामी राहिली आहे. ज्याचे पाय पूर्ण गेलेले नाहीत, थोडं बळ शिल्लक आहे, आणि ते वापरत राहिलं नाही तर तेही जाईल, अशा माणसाची ती जागा आहे. पोलिओ झालेले, अर्धांगवायूतून उठलेले, संधिवाताचे, एक पाय गमावलेले, अपघातानंतर गुडघा अर्धाच वाकणारे असे अनेक जण या मधल्या पट्ट्यात राहतात. पायडल असलेली आणि मोटरही असलेली सायकल हे त्यांचं वाहन आहे.

या वाहनाचा इतिहास अपंग माणसापासूनच सुरू होतो. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावात श्टेफान फार्फ्लर नावाचा पायांनी अधू असलेला घड्याळजी राहत होता. १६५५ च्या सुमारास, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकांची गाडी बनवली. हाताने दांडा फिरवला की दातेरी चाकांमधून पुढचं चाक फिरायचं. दोन चाकांची सायकल जन्माला यायला तेव्हा दीडशेहून अधिक वर्षं बाकी होती. स्वतःच्या बळावर रस्त्याने जाण्याचं यंत्र हवं, ही निकड त्याला वाटली, कारण त्याला पर्याय नव्हता.

सायकलला इंजिन जोडण्याचे प्रयोग पुढे पुष्कळ झाले. दुसरं महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये १९४६ मध्ये ‘वेलोसोलेक्स’ विक्रीला आली. तिच्या पुढच्या चाकावर छोटं इंजिन असे आणि त्याचा रूळ थेट टायरला घासून चाक फिरवी. आपल्याकडे १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या मोपेडवरून ‘लूना’ आणली. पन्नास सीसीची, पायडल असलेली. पायडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी हाकत न्यायची. महाराष्ट्रातल्या एका पिढीने सायकलवरून थेट लूनावर उडी मारली. २०२४ मध्ये पुण्याच्या कायनेटिक ग्रीनने विजेवरची ‘ई-लूना’ बाजारात आणली, पण तिला पायडल नाहीत. ती पूर्णपणे मोटरवर चालणारी दुचाकी आहे.

खरा बदल झाला तो जपानमध्ये. १९९३ मध्ये यामाहाने ‘पास’ नावाची सायकल विकायला काढली. पायडलवर माणूस किती जोर लावतो हे तिच्यातला सेन्सर मोजायचा आणि मोटर तेवढ्याच प्रमाणात आपला जोर मिळवायची. पाय थांबले की मोटर थांबायची. आधीच्या बहुतेक यंत्रांत ‘पाय किंवा इंजिन’ अशी निवड होती. इथे दोघांनी एकमेकांच्या प्रमाणात एकत्र काम केलं. जपानमधल्या वयस्कर आणि मुलांना घेऊन फिरणाऱ्या लोकांसाठी केलेली ही सोय अपंग माणसासाठी किती मोठी ठरेल, याचा अंदाज तेव्हा फार थोड्यांना आला असेल.

मोटर नेमकी किती मदत करते हे आकड्यांत पाहिलेलं बरं. माणूस सत्तर किलोचा आणि सायकल पंचवीस किलोची धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी १२ किलोमीटरने जायला सुमारे ३५ ते ४० वॅट लागतात. धडधाकट माणूस पाऊणशे ते शंभर वॅट तासभर सहज देतो. म्हणजे त्याला हे काहीच नाही. ज्याच्या पायात ३० वॅटचंच बळ आहे त्यालाही हे जवळजवळ जमतं. आता शंभर मीटरला पाच मीटर चढणारा रस्ता घ्या. तिथे ताशी १० किलोमीटरने जायला दीडशे वॅटच्या वर लागतात. धडधाकट माणूस धापा टाकत जाईल. तीस वॅटवाल्यासाठी तो रस्ता भिंतच आहे. २५० वॅटची मोटर इथे सव्वाशे वॅट घालते आणि भिंत राहत नाही. त्या माणसाचे तीस वॅट मात्र चढावरही खर्च होत राहतात, स्नायू काम करत राहतात, रक्त फिरत राहतं.

मोटर आली की व्यायाम संपला, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. युरोपातल्या सात शहरांमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ई-सायकल वापरणाऱ्यांचा एकूण व्यायाम साध्या सायकलवाल्यांइतकाच निघाला, कारण ते जास्त लांब जात होते. अपंग माणसाच्या बाबतीत तुलना तर साध्या सायकलशी नसतेच. घरी बसण्याशी असते.

पोलिओ झालेल्यांविषयी इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण मोटर हवी कशाला याचं सगळ्यात ठोस उत्तर त्यांच्या शरीरात आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. लस घरोघर पोचण्याआधी ज्यांना तो झाला, त्यांतली बहुतेक माणसं आज चाळिशी-पन्नाशीत किंवा त्याच्या पुढे आहेत. विषाणूने त्यांच्या मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मारल्या. ज्या वाचल्या त्यांनी नव्या शाखा फोडून पोरक्या झालेल्या स्नायुतंतूंचाही भार उचलला. त्या जोरावर ही मुलं कॅलिपर लावून, कुबडी घेऊन चालू लागली, शिकली, नोकऱ्यांना लागली. पण एकेक पेशी कित्येक पटींनी काम करत राहिली, आणि पंधरा ते चाळीस वर्षांनी ती थकू लागते. ज्या पायाला ‘चांगला’ म्हणत होतो तोही दुखायला लागतो, जिना चढवत नाही, दुपारीच गळून गेल्यासारखं होतं. याला पोलिओनंतरची लक्षणं म्हणतात आणि आपल्याकडे ती पुष्कळदा ‘वय झालं’ या दोन शब्दांत निकालात काढली जातात.

या अवस्थेत जोर लावून व्यायाम केला तर नुकसान होतं. अजिबात केला नाही तर स्नायू आक्रसतात. मधला मार्ग म्हणजे बळ पुरवून वापरणं, ठरलेल्या पगारात महिना निभावणाऱ्या माणसासारखं. साधी सायकल हा हिशेब ठेवू देत नाही. चढ आला की तो सगळं वसूल करतो. मोटर असली की किती खर्च करायचा हे चालवणारा ठरवतो. सकाळी ताजेपणी मदत कमी, परतताना जास्त. दम लागण्याआधी, पाय थरथरण्याआधी मदतीचं बटण एक पायरी वर. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय आदल्या दिवसापेक्षा कमकुवत वाटले तर श्रम जास्त झाले, ही खूण ओळखायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. मोटरची सायकल अपंग माणसाला वेग देते, त्यापेक्षा हा ताबा देते, आणि माझ्या मते तिची खरी किंमत तीच आहे.

आता यंत्राकडे वळू. दुकानात गेलं की विक्रेता मोटर किती वॅटची आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर, हे दोनच आकडे सांगतो. अपंग माणसाने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: मोटरला कळतं कसं, की आता मदत करायची? याच्या तीन पद्धती आहेत. पहिलीत पायडलच्या आसाजवळ चुंबकांचं कडं असतं. पायडल फिरू लागलं की मोटर सुरू, थांबलं की बंद. जोर किती याच्याशी तिला देणंघेणं नाही. ज्याच्या पायात फिरवण्यापुरतंच बळ आहे त्याला ही सोयीची. तिचा दोष असा की मदत अर्धा फेरा उशिरा येते आणि एकदम येते. तोल नाजूक असलेल्याला तो धक्का घातक ठरू शकतो. दुसऱ्या पद्धतीत यामाहासारखा जोर मोजला जातो. मदत मऊ, अंगातून आल्यासारखी येते. पण जोरच फार कमी असेल तर सेन्सरला तो कळत नाही. शिवाय काही स्वस्त सेन्सर एकाच बाजूचा, बहुधा डाव्या पायाचाच जोर मोजतात. डावा पाय अधू असलेला माणूस अशा सायकलवर उजव्या पायाने कितीही जोर लावो, मोटर गप्प. सायकल खराब आहे किंवा आपल्याला जमत नाही असं समजून तो परत करतो. दुकानात ही चौकशी केलीच पाहिजे.

तिसरी पद्धत म्हणजे स्कूटरसारखं हँडलवरचं ॲक्सिलरेटर. युरोपात ताशी ६ किलोमीटरच्या पुढे नुसत्या ॲक्सिलरेटरवर सायकल चालवायला बंधन आहे. भारतात मिळणाऱ्या बहुतेक ई-सायकलींना ॲक्सिलरेटर असतं आणि अपंग माणसाच्या दृष्टीने आपली ही सोय चांगलीच म्हणायला हवी. सिग्नलवरून निघताना, पायडल वरच्या बिंदूवर अडकलं असताना, किंवा पायात गोळा आला तर घरापर्यंत यायला ते हवंच. उजवा हात लुळा असेल तर ते डावीकडे बसवून मिळतं. मूठ पिळता येत नसेल तर अंगठ्याने दाबायचं येतं.

एका पायाने पायडल मारणाऱ्याची मुख्य अडचण म्हणजे वरचा आणि खालचा बिंदू, जिथे जोर लागतच नाही. धडधाकट माणसाचा दुसरा पाय तेव्हा काम करतो. एकपायी माणसाची सायकल तिथे रेंगाळते आणि कमी वेगात तोल जातो. मोटर तो बिंदू ओलांडून देते. मोकळ्या बाजूच्या पायडलला वजन लावलं तर आणखी सोपं होतं. अधू पाय कॅलिपरमध्ये ताठ राहत असेल तर त्याच्यासाठी पुढे एक पक्की पायटेकणी जोडून घ्यावी आणि एकाच पायाने पायडल मारावं.

गुडघ्याचा हिशेब फार थोडे दुकानदार सांगतात. साध्या सायकलचं पायडल पूर्ण फिरवायला गुडघा साधारण ११० अंश वाकावा लागतो. अपघातानंतर किंवा संधिवातात तो नव्वदच वाकत असेल तर वर्तुळ पूर्ण होत नाही. बहुतेक मोठ्या सायकलींचा क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, १७० मिलिमीटरचा असतो. तो १४० किंवा १५० चा बसवला की वर्तुळ लहान होतं आणि कमी वाकणारा गुडघाही फेरा पूर्ण करतो. आखूड दांड्याने चाकाला जोर कमी मिळतो हे खरं, पण ती उणीव भरायला मोटर आहेच. पाय आखूड असेल तर त्या बाजूच्या पायडलवर ठोकळा. पाऊल घसरत असेल तर टाचेला अडवणारी वाटी आणि वेलक्रोचा पट्टा. पट्टा हिसका देताच सुटेल असाच हवा, नाहीतर पडताना पाय अडकतो. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने पावलाची संवेदना गेली असेल तर प्रत्येक फेरीनंतर बूट काढून पाऊल डोळ्यांनी तपासायचं, कारण घासलेलं कळणारच नाही.

सीट खाली घेतली की दोन्ही पाय जमिनीला टेकतात आणि धीर येतो. पण सीट खाली गेली की गुडघा जास्त वाकतो. ही पेचाची जागा आहे. पायडल थोडं पुढे असलेली चौकट मिळाली तर दोन्ही साधतं. न मिळाल्यास तीनचाकीचा विचार करावा. काही झालं तरी वरचा दांडा नसलेली, आपण ‘लेडीज सायकल’ म्हणतो ती चौकट घ्यावी. पुरुषांनी संकोच करू नये. जो पाय वर उचलत नाही त्याला दांड्यावरून ओलांडायला लावणं म्हणजे पडायला लावणं.

अर्धांगवायू झालेल्याचा एकच हात भरवशाचा असतो. त्याच्यासाठी एका लिव्हरला दोन्ही ब्रेकच्या तारा जोडता येतात. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा स्विच त्या लिव्हरमध्ये हवाच हवा. चढताउतरताना सायकल सरकू नये म्हणून लिव्हर दाबून धरणारा साधा वेलक्रो पट्टा पुरतो. मात्र पक्षाघातानंतर काहींना एका बाजूचं भानच राहत नाही. डावीकडून आलेली रिक्षा डोळ्यांना दिसते, पण मेंदू तिची दखल घेत नाही. याची तपासणी झाल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये. फिट येणारे आणि हृदयाचे दुखणेकरी यांनीही डॉक्टरांशी बोलूनच निर्णय घ्यावा.

तीनचाकी पडत नाही, ही समजूत धोकादायक आहे. दोन चाकांची सायकल वळताना आत झुकते. तीनचाकी झुकत नाही, त्यामुळे जोरात वळलं की बाहेरच्या बाजूला उलटते. वळणाआधी वेग कमी करायचा, बॅटरी आणि सामान जमेल तितकं खाली ठेवायचं. पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, जमिनीलगत बसायची रचना सगळ्यात स्थिर, पण तिच्यातून उठायला दंडांत जोर हवा आणि आपल्या रहदारीत ट्रकवाल्याला ती दिसत नाही. म्हणून उंच काठीवर झेंडा लागतो. नेदरलँड्समधल्या फार्सेफेल्ड गावातली ‘व्हान राम’ ही कंपनी अशाच शरीरांसाठी मोटरच्या तीनचाकी बनवते. काही मॉडेलांत मोटर मागे सरकायलाही मदत करते. ज्याला उतरून गाडी ढकलता येत नाही त्याच्यासाठी ही चैन नव्हे. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेल्या ‘निओमोशन’ने चाकांच्या खुर्चीला पुढून जोडायचं मोटरचं चाक, ‘निओबोल्ट’, बनवलं आहे. ताशी २५ किलोमीटरपर्यंत जाणारं ते साधन पाय पूर्ण गेलेल्यांसाठी आहे आणि चांगलं आहे.

साध्या सायकलला पेट्रोलचं इंजिन बसवून मिळतं. अपंग माणसाने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा क्लच डाव्या हाताने दाबावा लागतो. त्याचे हादरे मनगटात आणि दुखऱ्या मणक्यात जातात. तापलेलं नळकांडं संवेदना गेलेल्या पायाला भाजतं. शिवाय नोंदणीशिवाय ते रस्त्यावर आणणं बहुतेकदा बेकायदा ठरतं.

विजेच्या सायकलचा कायदा सोपा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटपेक्षा आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, बॅटरी सोडून वजन ६० किलोच्या आत असेल आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल, तर ती मोटार वाहन धरली जात नाही. परवाना नको, नोंदणी नको. ज्याला अपंगत्वामुळे परवान्यासाठी आरटीओत चकरा माराव्या लागतात, त्याला या एका नियमाने केवढी मोकळीक मिळते! मर्यादेच्या वरचं, अपंग माणसासाठी बनवलेलं किंवा बदलून घेतलेलं वाहन असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात त्याला ‘अडॅप्टेड व्हेइकल’ म्हटलं जातं आणि त्याची रीतसर नोंद करावी लागते. त्याआधी कायद्यातला शब्द ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ होता. तो गेला हे उत्तम झालं.

बॅटरीबाबत कंपनी सांगते त्याच्या निम्मं अंतर धरावं. ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-अवरची बॅटरी पायडल मारत गेलं तर ३० ते ४० किलोमीटर नेते, नुसत्या ॲक्सिलरेटरवर वीसच्या आसपास. धडधाकट माणसाची बॅटरी वाटेत संपली तर तो घामाघूम होऊन घरी पोचतो. पोलिओ झालेला माणूस पोचतच नाही. बॅटरी पूर्ण भरायला अर्धा युनिटही वीज लागत नाही, त्यामुळे रोज चार्ज करण्यात कंजुषी नको. एक गोष्ट दुकानात लक्षात येत नाही. काढून न्यायची बॅटरी तीनेक किलोची असते, आणि कुबड्या घेऊन दुसऱ्या मजल्यावर ती नेणार कोण? सोसायटीत पार्किंगजवळ प्लग मिळणं ही मोटर निवडण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून जाणं टाळावं आणि कुबडीसाठी चौकटीला दोन क्लिपा लावून घ्याव्यात, कारण मुक्कामी पोचल्यावर चालायचं आहेच.

हैदराबादचे आदित्य मेहता एक पाय गमावल्यानंतर सायकलपटू झाले आणि पुढे त्यांनी इतर अपंगांना घडवणारी संस्था काढली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण अशा पराक्रमांच्या बातम्या वाचून घरातल्या माणसाला ‘बघ, तो तर मोटरशिवाय हिमालय चढतो’ असं म्हणणाऱ्यांना थांबवलं पाहिजे. भाजी आणायला, वाचनालयात, मित्राकडे स्वतःच्या मर्जीने जाता येणं यासाठी कोणाला खेळाडू व्हायला लागू नये. मोटर लावणं ही हार नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण डोळ्यांना ताण देऊन वाच म्हणत नाही.

पालिकांनाही एक सांगायचं आहे. मोटारसायकली घुसू नयेत म्हणून पदपथाच्या आणि बागांच्या तोंडाशी लोखंडी खांब ठोकतात, तेव्हा त्यांच्यामधून चाकांची खुर्ची आणि तीनचाकी सायकल जाते का, ते खांब बसवण्याआधी मोजा. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागा सगळ्यांना वापरता याव्यात असं सांगतो. तिथे जायचं वाहन माणसाने स्वतः आणलं आणि दारातच अडकलं, तर त्या कायद्याला अर्थ उरत नाही.

आणि तुम्ही सायकल घ्यायला निघाला असाल तर सकाळी, ताजे असताना जाऊ नका. संध्याकाळी, थकल्यावर जा, कारण घरी परतताना तुमचे पाय तसेच असणार आहेत. बसून, उतरून, चढावरून निघून, भर वेगात एका हाताने ब्रेक दाबून पाहा. क्रँक आखूड करून मिळेल का, ॲक्सिलरेटर दुसऱ्या बाजूला बसवाल का, सेन्सर कोणत्या पायाचा जोर मोजतो, हे तीन प्रश्न विचारा. ज्या दुकानात यांची उत्तरं मिळणार नाहीत, तिथून सायकल घेऊ नका.